आमचं कडू रक्त

मी माझ्या मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या बापाच्या फोटोमागे लपवला. तीन वर्षं तो तिथं होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी माझी कशी फसवणूक झाली ते रंगवून सांगणार आहे, आणि मला माझी सवय माहीत आहे, मी सांगायला लागलो की ऐकणाऱ्याला माझी दया येते. तर येऊ देऊ नका.

आमचं मूळ मालवणकडचं. बाप सोळाव्या वर्षी मुंबईत आला, गिरणीत लागला, गिरणी बंद पडली तेव्हा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, पण घरात बोलायचा अजून गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, असल्यासारखा. घाटकोपरच्या डोंगरावर दहा बाय बाराची खोली, तिथं मी जन्मलो, आणि आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी बिल्डिंग झाली तिच्यात सातव्या मजल्यावर राहतो, म्हणजे साठ वर्षांत मी एकूण दोनशे पावलं चाललो असं आमची ही म्हणते. ही म्हणजे सुलभा, माझी बायको. तिचं बोलणं पुढं येईलच, ती कुठल्याही गोष्टीत उशिरा येते पण आली की गोष्ट तिची होते.

तर बाप. बापाचा एक अभिमान होता. पैसाअडका नव्हता, जमीन भावकीत गेली, मग माणूस कशाचा तरी अभिमान धरतोच ना, तसा त्यानं रक्ताचा धरला. गावाला भात कापणीच्या आधी तापाची साथ यायची, अर्धी वाडी गोधडीखाली थरथरत पडायची, आणि आमच्या घरातली माणसं मात्र दुसऱ्यांना पेज नेऊन द्यायची. बाप म्हणायचा, आमचा रगात कडू आसा, डास चावलो तर डासच मरतलो. असं म्हणून दंडावर बसलेला डास मारायचा नाही, बघत राहायचा, कधी पडतो म्हणून. डास पोट भरून उडून जायचा. बाप म्हणायचा, भायेर जाऊन मरतलो.

आणि मला नोकरी कुठं लागावी? पालिकेत, डासांच्या खात्यात. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं हा योगच आहे. तीस वर्षं मी टाक्यांवर चढलो. खाकी कपडे, हातात बॅटरी, खांद्याला शिडी. लोकांची झाकणं उघडायची, पाण्यात उजेड मारायचा, अळी दिसली की सोसायटीच्या सेक्रेटरीला वर बोलवायचं आणि दाखवायचं. डेंग्यूची अळी डोकं खाली करून पाण्यात लटकते, आणि मलेरियाची पाण्याच्या वरच्या अंगाला आडवी पडते, आरामखुर्चीत पेपर वाचत पडल्यासारखी. एवढं बघून सांगायचो मी. आणि खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर तेच पाठ केलेलं वाक्य, ताप आला की वाट बघायची नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. तीस वर्षं हे वाक्य बोललो. तीस वर्षांत मला स्वतःला मलेरिया एकदाही झाला नाही. सोबतचे एकूणएक पोरगे आडवे झाले, मी नाही. मग मी चहाच्या टपरीवर बापाचं वाक्य बोलायचो, आमचं रक्त कडू आहे. लोक हसायचे. मला वाटायचं कौतुकानं हसतात.

आता खरी गोष्ट सुरू होते. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली होती तेव्हा ऑफिसात रक्तदानाचं शिबिर लागलं. मी छाती काढून पुढं गेलो, म्हटलं घ्या, कडू आहे, पेशंटला टिकेल. त्यांनी बोटाला टोचून बघितलं आणि मला बाजूला बसवलं. काका, तुमचं रक्त कमी आहे. माझं? मी सात मजले शिडी घेऊन चढतो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चौकस होत्या, त्यांनी नमुना पुढच्या तपासणीला पाठवला, आणि आठवड्यानं मला बोलावून सांगितलं की काका, तुम्हाला थॅलेसेमिया मायनर आहे. म्हणजे आजार नाही, घाबरू नका. रक्तातल्या तांबड्या पेशी आकारानं लहान असतात, जन्मापासून, आईकडून किंवा बापाकडून आलेल्या. तुम्हाला काही त्रास नाही, होणारही नाही.

मग त्यांनीच आपणहून सांगितलं, आणि इथंच माझी वाट लागली. म्हणाल्या, जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता त्या मुलखांत असं रक्त जास्त सापडतं, कारण अशा पेशींत मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही, आजार जिवावर बेतायचं प्रमाण कमी होतं, म्हणून अशी माणसं साथीत तगून राहिली. काय सांगू, बाप खरं बोलत होता! शाळा न शिकलेला बाप, आणि त्याला हे माहीत होतं. मी त्या आनंदात असा बुडालो की बाईंचं पुढचं अर्धं मी ऐकलं पण घेतलं नाही. पुढचं अर्धं असं होतं की तुमच्या मुलीचं रक्त तपासा, आणि तिलाही असेल तर लग्नाआधी मुलाचं तपासा, कारण दोघांनाही असलं तर त्यांच्या दर मुलामागे चारात एक शक्यता असते की मूल मेजर होईल. मेजर म्हणजे त्या मुलाला जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवायचं.

मुलीचं तपासलं. तेवढं केलं मी. पूर्वा आमची एकुलती एक, तेव्हा चोवीस वर्षांची, पवईला एका ऑफिसात नोकरी. तिला म्हटलं, तुझी दमणूक बघून रक्त किती आहे ते बघून घेऊ. रिपोर्ट आणायला मीच गेलो. मायनर. माझ्यासारखीच. मी गावाला चुलतभावाला फोन लावला, म्हटलं दादा असं असं आहे, काय करू? तो म्हणाला, खंय बोलू नको, चेडू घरात रवतला, म्हणजे मुलगी बिनलग्नाची राहील. तेवढंच. एका वाक्यात माझी अक्कल गेली. घरी आलो, पूर्वानं विचारलं काय म्हणाले बाबा, मी म्हटलं काही नाही गं, थोडं लोह कमी आहे, पालक खा.

आणि रिपोर्ट? तुम्ही म्हणाल फाडायचा होता. अहो, तीस वर्षं सरकारी खाकीत काढलेला माणूस कागद फाडत नाही. फाडलेला कागद नेमका दुसऱ्या दिवशी साहेब मागतो. आमच्यात कागद फाडायचा नाही, फक्त सापडू द्यायचा नाही. म्हणून मी बापाच्या फोटोची फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, रिपोर्टाची घडी घातली आणि बापाच्या पाठीला लावून पुठ्ठा परत बसवला. ती फ्रेम वर्षातून एकदा म्हाळाला उतरायची, पितृपक्षात, आणि ती पुसायचं काम माझं. म्हटलं ठीक आहे, ज्याचं रक्त त्याच्याकडं जमा केलं.

वर्षभरात स्थळ आलं. बोरिवलीचे लोक, मूळ देवगडचे. मुलगा निनाद, चांगला, हसरा, कॉम्प्युटरवाला. त्याचे वडील प्रभाकरराव, बँकेतून रिटायर, शर्टाच्या खिशाला पेन, बोलणं मोजूनमापून. पत्रिका जुळली. पोहे खाताना मी आपलं आडून विचारलं, हल्ली काय काय तपासण्या करतात म्हणे लग्नाआधी, रक्तबिक्त. मनात म्हटलं, आता हा माणूस म्हणेल हो आपणही करूया. तर प्रभाकरराव जोरात हसले आणि म्हणाले, छे छे, आपल्या लोकांत कशाला ती थेरं! मीही त्यांच्याहून जोरात हसलो, म्हटलं बरोबर, आपली घराणी काय आपल्याला माहीत नाहीत? दोघांनी एकमेकांना आणखी पोहे वाढले. ते खाली उतरल्यावर मी गॅलरीतून त्यांना हात हलवत मनात म्हटलं, झकास, फसवला म्हाताऱ्याला. आता कळतं की खाली रिक्षात बसताना तोसुद्धा वर बघून माझ्याकडं इतका गोड का हसत होता.

लग्न झालं. पूर्वा बोरिवलीला गेली. दोन वर्षांनी दिवस राहिले. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, घरात रक्ताचं काही? तिनं स्वच्छ सांगितलं, नाही, बाबांनी माझं तपासलंय, फक्त लोह कमी असतं. झालं, त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मला हे तिनं फोनवर हसत हसत सांगितलं, तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं, पालक खातेस ना?

तिसरा महिना होता, गणपती जाऊन पितृपक्ष लागला होता. ओकाऱ्यांनी हैराण झाली म्हणून पूर्वा आठवडाभर माहेरी येऊन राहिली होती, पवईचं ऑफिसही आमच्याकडून जवळ. एका दुपारी तिला थंडी वाजली. दात वाजत होते. मग ताप, मग घाम, मग जरा बरं. सुलभा म्हणाली, अहो, मलेरिया तर नाही? आणि मी, तुमच्यासमोर बसलेला हा गाढव, ज्यानं तीस वर्षं मजल्यामजल्यावर ओरडून सांगितलं की त्याच दिवशी रक्त तपासा, तो मी सोफ्यावर टेकून म्हणालो, आपल्या रक्ताला मलेरिया होत नाही. पोटुशी बाईला होतं असं, हवा बदललीय. सुलभा म्हणाली, कुणी सांगितलं? मी वर फोटोकडं बोट केलं.

दोन दिवस गेले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पूर्वा मोरीपर्यंत चालू शकली नाही. ओठ पांढरे. सुलभानं मला विचारलंसुद्धा नाही, रिक्षा बोलावली आणि पूर्वाला नेऊन दवाखान्यात भरती केलं, मी मागून दुसऱ्या रिक्षानं, हातात थर्मास, आतमध्ये चहा टाकायलाच विसरलो होतो.

मलेरिया. बोटाचं रक्त काचेवर घेतलं आणि सरळ जंतू दिसले. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आवाज बारीक पण बोलणं सुरीसारखं. मी त्यांना म्हटलं, बाई, हे कसं शक्य आहे, आमच्या घराण्यात मलेरिया होत नाही. त्या म्हणाल्या, कोण म्हणतं? मग त्यांनी सांगितलं, हे मात्र मी पूर्ण ऐकलं, यावेळी दोन्ही अर्धी ऐकली. म्हणाल्या, काही लोकांच्या रक्तात थोडं संरक्षण असतं, पण ते आजार बळावू नये यापुरतं, डासाला अडवायला नाही. आणि गरोदरपणात तर त्याच्या भरवशावर राहायचंच नाही. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं, त्याला शरीरानं हाकलू नये म्हणून शरीर आपला पहारा ढिला करतं. मलेरियाला तेवढंच पाहिजे असतं. त्यातून पहिलं बाळ असलं तर काही जातींचे जंतू वारेत जाऊन दडतात, जिथून बाळाला अन्न जातं तिथंच. आईचं रक्त उतरतं, बाळाची वाढ खुंटते, कधी बाळ जातंसुद्धा. दोन दिवस का थांबलात?

काय सांगू, बापाचं नाव सांगू?

मग त्याच म्हणाल्या, आणखी एक आहे, हिच्या पेशी फार लहान दिसतायत, हे फक्त मलेरियाचं नाही. थॅलेसेमियाचा नमुना पाठवलाय. नवऱ्याचाही लागेल.

निनाद आणि प्रभाकरराव बोरिवलीहून आले होते, बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसले होते. पूर्वाला खाटेवर टेकून बसवलं होतं, सलाईन चालू. बाईंनी दोघांना आत बोलावून निनादला सांगितलं की तुझं रक्त द्यायचंय, आणि थॅलेसेमिया म्हणताच प्रभाकररावांचा चेहरा असा झाला, मी टाकीचं झाकण उघडल्यावर सेक्रेटरीचा होतो ना, तस्सा. ते म्हणाले, त्याचं तपासायची गरज नाही. बाई म्हणाल्या, का? ते म्हणाले, कॉलेजात असताना तपासलंय, शिबिर होतं. निनाद म्हणाला, हो, निगेटिव्ह होतं ना, पप्पा? प्रभाकरराव खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवत म्हणाले, मायनर आहे.

तुम्हाला काय सांगू मला काय झालं. माझ्या डोक्यात असा काही संताप चढला, न्यायाचा, पवित्र! मी त्यांच्या मागोमाग पॅसेजमध्ये आलो आणि सुरू झालो. म्हटलं, प्रभाकरराव, तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही माझे पोहे खाऊन, माझ्या घरात बसून, छे छे म्हणालात? माझ्या मुलीच्या आयुष्याशी खेळ केलात? अहो एका शब्दानं सांगितलं असतं तर! नर्स बाहेर आली, शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक उठून उभे राहिले, मी थांबतोय कसला. म्हटलं, विश्वासानं मुलगी दिली, विश्वासानं, आणि तुम्ही रक्त लपवलंत, याला फसवणूक म्हणतात, बँकेत राहून हेच शिकलात? खरं सांगू, त्या क्षणी मी माझा रिपोर्ट साफ विसरलो होतो. विसरलो म्हणजे नाटक नाही. मला खरोखर वाटत होतं की या माणसानं मला दगा दिलाय. आजही वाटतं. अजूनही कधी जेवताना आठवलं की घास अडकतो, छे छे म्हणाला होता, तेही हसून.

प्रभाकरराव मान खाली घालून उभे. निनाद दारात. पूर्वा आतून रडत म्हणतेय, बाबा, पुरे. आणि माझं भाषण अगदी वरच्या पट्टीत पोचलं, तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि सुलभा आली.

ती सकाळी घरी गेली होती, दहीभात आणायला. दुसऱ्या दिवशी आमचा म्हाळ होता. मी दवाखान्यात अडकलो म्हणून तिनंच बापाची फ्रेम उतरवली, पुसायला. मागचा पुठ्ठा सैल होता.

ती माझ्या अंगावरून पुढं गेली, डब्याच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि पूर्वाच्या हातात दिला. म्हणाली, तुझ्या आजोबांच्या मागे होता.

पूर्वानं वाचला. वर तिचं नाव, वय, तीन वर्षांपूर्वीची तारीख. तिनं दोनदा वाचला. मी वाट बघत होतो की ओरडेल, फेकेल, काहीतरी करेल. तिनं कागदाची घडी परत तशीच घातली, ओळीवर ओळ, आणि म्हणाली, तीन वर्षं मी पालक खाल्ला, बाबा. मला पालक अजिबात आवडत नाही.

बस. एवढंच. मग म्हणाली, तुम्ही घरी जा.

मी घरी गेलो नाही, म्हणजे बिल्डिंगपर्यंत गेलो, पण घरात जायचा धीर होईना. फ्रेम खाली ठेवलेली असणार, बाप माझ्याकडं बघणार. म्हणून गच्चीवर गेलो. आमच्या टाकीचं झाकण मे महिन्यात फुटलं होतं, मी सेक्रेटरीला बोललोही होतो, पण तोही बघू म्हणाला आणि मीही म्हटलं बघू, मला काय मलेरिया होतोय. वर चढलो, गुडघे बोंबलत होते, मोबाइलचा उजेड पाण्यात टाकला. आडव्या. पाण्याच्या वरच्या अंगाला, आरामात, आरामखुर्चीत पडल्यासारख्या. मी किती वेळ बघत बसलो माहीत नाही. लोकांच्या घरी इतकी वर्षं दाखवल्या, आणि मला माझ्या डोक्यावरच्या दिसल्या नाहीत.

पूर्वाचा मलेरिया उतरला, आठवड्यानं घरी सोडलं, पण आमच्या घरी नाही, बोरिवलीलाही नाही. निनादनं गोरेगावला मित्राची रिकामी खोली घेतली. दोन्ही बापांना येऊ नका म्हणून निरोप. सुलभा रोज डबा घेऊन जायची, मला फक्त स्टेशनपर्यंत पिशवी उचलायची परवानगी. आणि खरी भीती पुढंच होती. दोघंही मायनर, म्हणजे चारात एक. ताकद भरून आल्यावर पोटातल्या पाण्याचा नमुना काढून बाळाचं रक्त कसं आहे ते बघणार होते, आणि त्याचा निकाल यायला दिवस लागणार होते. मेजर निघालं तर काय करायचं हे त्या दोन पोरांनी ठरवायचं, आणि ठरवायचं होतं ते आमच्यामुळं. लग्नाआधी कळलं असतं तर डोळे उघडे ठेवून ठरवलं असतं. आता अर्ध्या वाटेवर, पोटात जीव हलायला लागल्यावर.

निकालाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. दवाखान्याच्या खालच्या बाकावर प्रभाकरराव आधीच बसले होते, त्यांनाही कुणी बोलावलं नव्हतं. मी दुसऱ्या टोकाला बसलो. मधे एवढी जागा की एखादं कुटुंब बसलं असतं. मग त्यांनी समोर बघतच विचारलं, तुम्ही कुठं ठेवला होता?

मी म्हटलं, वडलांच्या फोटोमागे. तुम्ही?

लॉकरमध्ये.

बँकेच्या?

हो.

मी म्हटलं, फाडला का नाही?

ते माझ्याकडं वळले, पहिल्यांदाच, आणि खरोखर चकित होऊन म्हणाले, असं कसं म्हणता? कागद कसा फाडायचा?

आणि काय सांगू, मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली, आणि लगेच रागही आला, की हा माणूस माझ्यासारखाच आहे आणि म्हणूनच मी त्याला ओळखायला हवा होता. मी म्हटलं, त्या दिवशी गॅलरीतून मी तुम्हाला फसवलं असं समजून हात हलवत होतो. ते म्हणाले, मला माहीत नव्हतं, मी समजत होतो मीच तुम्हाला फसवलं.

पूर्वा आणि निनाद जिन्यानं खाली आले. तिनं आम्हाला बघितलं. थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, ती माझीच मुलगी, चेहरा झाकता येतो तिला. मग म्हणाली, मायनर. आमच्यासारखंच.

प्रभाकररावांनी रुमाल काढला. मी रुमालही आणला नव्हता. मी म्हटलं, पूर्वा, बाळा, माझं चुकलं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, ते मला कुणी सांगायला नको. मग म्हणाली, तुम्हाला काहीतरी करायचंय ना? गावाला फोन लावा. एकेकाला. काका, आत्या, चुलत, मावस, ज्यांची मुलं लग्नाची आहेत त्या सगळ्यांना सांगा की रक्त तपासा. आणि सांगताना आपलं नाव घ्या, कोणा ओळखीच्यांचं झालं असं नाही सांगायचं.

मी केले फोन. आठवडाभर करत होतो. पहिला चुलतभावाला. तो म्हणाला, तू खुळो झालंस काय? मी म्हटलं, आधीच होतो, आता बरा होतोय. त्यानं फोन ठेवला. पण त्याच्या नातीचं रक्त त्यानं तपासून घेतलं हे मला त्याच्या सुनेकडून कळलं, आणि रिपोर्ट तिनं भिंतीवर लावलाय म्हणे, कॅलेंडरच्या खाली.

बापाची फ्रेम मी परत टांगली, मागचा पुठ्ठा चिकटपट्टीनं घट्ट केला, आत आता काही नाही. कधीकधी त्याच्यासमोर उभा राहतो. त्यानं मला खोटं सांगितलं नाही, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं सांगितलं, पेज वाटणारं आपलं घर त्याला दिसलं. त्याच घरातून किती लहान पोरं रक्त न पुरून गेली असतील, ते त्याला कुणी सांगितलं नसेल, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ते फोटोमागे ठेवलं असतं. तरी मला वाटतं त्यानं मला फसवलं. बापानं फसवलं, व्याह्यानं फसवलं, रक्तानं फसवलं. आता या यादीत माझं नाव कुठं घालायचं ते तुम्ही ठरवा, लिहून घेणारे तुम्ही, तुमच्या हातात पेन आहे.

नात झाली. नऊ महिन्यांची आहे आता, नाव ईरा. पेशी लहान, रडणं मोठं. पूर्वा बोलते माझ्याशी, पण पूर्वीसारखं बोलता बोलता हसत नाही, माझ्या प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबते, खरं आहे का बघितल्यासारखी. ते मला सहन करायचंय, करतो. देवानं पोरीला सुखी ठेवावं.

परवा ईराच्या लसीचा दिवस होता. पहिल्यांदाच मला सोबत या म्हणाले. पूर्वाच्या कडेवर ईरा, खांद्याला पिशवी, हातात सगळ्या रिपोर्टांची जाड निळी फाईल. मला वाटलं जरा मदत करावी, म्हणून मी हात पुढं केला, म्हटलं दे गं ती फाईल, मी धरतो.

पूर्वानं फाईल काखेत दाबली आणि ईराला उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाली, हिला धरा तुम्ही, हिला तुम्हाला लपवता यायची नाही.